धाब्यापासून पत्र्यापर्यंत : पहूरच्या छपरांची गोष्ट

इतिहास म्हटला की आपण किल्ले आणि लेणी बघतो. पहूरकरांना तर अजिंठा हाकेच्या अंतरावर. आज मात्र आम्ही तुम्हाला डोक्यावरच्या छपराकडे बघायला सांगणार आहोत.

खानदेशातलं जुनं घर धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, लाकडी सर नि कड्या, त्यावर काटक्या-पाला आणि वर मातीचा जाड थर. ही माती दिवसभर ऊन पिते; ती धग घरात उतरेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर माणसं धाब्यावर झोपायला गेलेली असतात! पण दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती चढवायची, गळती शोधायची, वाळवी सांभाळायची, हे कष्टही खरेच.

मग आला पत्रा. हेन्री पामर यांनी पन्हळी पत्र्याचं पेटंट १८२९ साली लंडनमध्ये घेतलं. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्त चढवण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं, नि गंज लांबला. हलका, एकावर एक रचून नेता येणारा हा माल जहाजानं, आगगाडीनं जगभर गेला. ज्यांनी धाबं उतरवून पत्रे टाकले, त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. त्यांनी दरवर्षीच्या मेहनतीतून सुटका करून घेतली.

पण किंमत मोजावी लागलीच. पत्रा पातळ, ऊन थोपवून धरायला त्याच्यात वस्तुमानच नाही. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तापलेला पत्रा आपली धग थेट खाली फेकतो. ती सोसतं कोण? दुपारी घरात असणारी बाळंतीण, म्हातारी माणसं, चुलीपुढची बाई. कूलर लावला तर विजेचं बिल वाढतं.

यावर उपाय साधा आहे. पत्र्याखाली दोन-तीन इंच पोकळी सोडून दुसरा थर द्यायचा आणि ही पोकळी खाली वळचणीला नि वर आढ्याला उघडी ठेवायची. तापलेली हवा हलकी होऊन आढ्यातून निघून जाते, वळचणीतून दुसरी आत येते. तोंडाला जाळी लावा, म्हणजे उंदीर-पाखरं शिरणार नाहीत. वळवाचं वादळ ध्यानात ठेवून पत्रे पक्के आवळा. नुसत्या दगडांवर भिस्त नको. वरून पांढरा रंग दिला तर आणखी बरं.

धाबं परत आणा, असं आमचं म्हणणं नाही. धाब्याला जे कळत होतं, ऊन आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी असावं लागतं, तेवढं पत्र्याला शिकवू या.