पावसाने राखलेले बंदर

मुंबईकरास पावसाचे कौतुक सांगू नये, हे मला मान्य आहे. तरीही, श्रोतेहो, आज मी आपणांस एका पावसाच्या गावाची हकीकत सांगणार आहे. नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन हे ते गाव. तेथे माझा मुक्काम अवघा दोन दिवसांचा, आणि तेवढ्या अवधीत सूर्यदर्शन घडले ते जेमतेम पाऊण तास.

पर्जन्यमानाचा आकडा पाहिला तर बर्गेन आणि मुंबई ही भावंडे शोभतील. दोन्हीकडे वर्षाकाठी सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भेद इतकाच की, आपला पाऊस चार महिन्यांत काम उरकून निघून जातो. बर्गेनचा मात्र वर्षातील दोनशेहून अधिक दिवस, घरच्या वडीलधाऱ्यासारखा, ओसरीवर ठाण मांडून असतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेर तो जो बसला, तो ओळीने ८५ दिवस उठला नाही. कारण आपल्या ओळखीचेच आहे. अटलांटिकवरून येणारे ओले वारे गावामागच्या डोंगरांना अडतात, जसे आपले मोसमी वारे सह्याद्रीला अडतात.

इतक्या पाण्यात भिजणाऱ्या गावाने भ्यावे कोणाला? मौज अशी की, बर्गेन आजवर भीत आले ते आगीला.

बंदरालगत ब्रिगेन नावाची जुनी पेठ आहे. ब्रिगेन म्हणजे धक्का. तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांची उतरत्या छपरांची लाकडी घरे खांद्याला खांदा लावून पाण्याकडे तोंड करून उभी आहेत. दोन घरांमधील बोळ इतके अरुंद की छत्री मिटूनच आत शिरावे लागते. आत गेल्यावर ओल्या लाकडाचा वास येतो आणि पावसाचा आवाज एकदम दूर जातो. इ.स. १३६० च्या सुमारास उत्तर जर्मनीतील हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांनी येथे आपली वखार थाटली. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचा, मिठाशिवाय नुसत्या थंड वाऱ्यावर वाळविलेला कॉड मासा येथे यावा, आणि त्याच्या मोबदल्यात धान्य जावे, असा तो व्यवहार. आगोटीसाठी सुकी मासळी भरून ठेवणाऱ्या कोकणच्या माणसाला त्यातले मर्म निराळे सांगावयास नको. वखारीत राहणारे व्यापारी आणि उमेदवार सारे पुरुष, आणि तेही अविवाहित. त्या लाकडी घरांत विस्तव पेटविण्यास सक्त मनाई होती. बाहेर बर्फ पडो की पाऊस, ऊब आणि शिजलेले अन्न हवे तर मागच्या बाजूच्या स्वतंत्र सभागृहांत जावे लागे. घरापासून शेकडो कोस दूर, ओल्या कपड्यांनी, विस्तवाविना अंधाऱ्या खोलीत निजणारी ती कोवळी उमेदवार पोरे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

एवढी खबरदारी घेऊनही ब्रिगेन वारंवार जळाले. १७०२ च्या आगीत तर बहुतेक सगळे गाव खाक झाले. परंतु दर वेळी लोकांनी घरे उभारली ती जुन्याच आखणीवर. १७५४ साली जर्मन वखार बंद झाली, व्यापार नॉर्वेकरांच्या हाती आला, तरी पेठेचा चेहरा पालटला नाही. जानेवारी १९१६ मध्ये वादळी वाऱ्याने भडकलेल्या आगीत गावाचा मध्यभाग जळाला. एप्रिल १९४४ मध्ये, जर्मन अमलाच्या काळात, बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला आणि या घरांची छपरे उडाली.

१९५५ च्या जुलैत ब्रिगेनचा आणखी एक मोठा भाग जळाला. जळालेल्या जागी पुराणवस्तुसंशोधकांनी खोदकाम आरंभिले, ते प्रथम १९६८ पर्यंत चालले. पूर्वीच्या प्रत्येक आगीची राख जमिनीत थरांनी साचलेली होती. त्या थरांवरून, पंचांग उलटावे तसा, वस्तूंचा काळ ठरविता आला. रूनिक लिपीत कोरलेले सुमारे ६७० लेख सापडले, त्यांतील पुष्कळसे लाकडाच्या साध्या काटक्यांवर. राजांच्या प्रशस्तीची अपेक्षा करणाऱ्याची येथे निराशा होईल. कोठे मालाच्या गाठोड्यावर बांधावयाची मालकाच्या नावाची चिठ्ठी, कोठे प्रेमाचा निरोप. एका काटकीवर तर ‘आता घरी या’ असे गीदा नावाच्या बाईचे कोणास बोलावणे आहे. तो गृहस्थ घरी गेला की नाही, हे इतिहासाला ठाऊक नाही.

शतकानुशतके हे लाकूड टिकले कसे? जमीन सदैव पाण्याने गच्च भरलेली, म्हणून हवा आत शिरली नाही आणि लाकूड कुजले नाही. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाचे लाकूड घालीत, ते पाण्यात टिकते म्हणून. त्याची मला आठवण झाली. पेठेतील उरलेल्या ६२ इमारती याच भिजलेल्या थरांवर उभ्या आहेत. १९७९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. परंतु शेजारच्या नव्या बांधकामासाठी पाण्याचा निचरा केल्यामुळे भूजल खाली गेले. जुने थर कुजू लागले आणि घरे वर्षाला काही मिलिमीटर खचू लागली. जे आगीला साधले नाही ते कोरडेपणा साधू पाहत होता.

उपाय सापडला तो आकाशातच. गेल्या दशकात तेथील तज्ज्ञांनी पावसाचे पाणी गटारात न सोडता उथळ चर, हिरवळीचे खोलगट पट्टे व सच्छिद्र फरसबंदी यांतून जमिनीत मुरविण्याची योजना केली, आणि भूजल पुन्हा वर आले. दुसऱ्या दिवशी निघताना मी त्या बोळांतून पुन्हा एकवार गेलो. पाऊस होताच. छपरावरून गळणारे पाणी फरशीच्या फटींतून शांतपणे खाली जात होते.