घराण्यातला आतड्याचा कर्करोग
१४. लेखकाचे आजोबा, चुलते आणि थोरला भाऊ पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले, ही हकीकत वाचून आजचे डॉक्टर आधी ‘लिंच सिंड्रोम’ची शंका घेतील. यात डीएनएची नक्कल होताना पडलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, एमएसएच२ यांसारख्या एखाद्या जनुकात बिघाड असतो. तो प्रत्येक मुलामुलीत उतरण्याची शक्यता निम्मी. बायकांना गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका असतो. म्हणून वंशावळ मांडताना लेकीबाळी वगळू नयेत. बिघाड उतरला म्हणजे रोग होतोच असे नाही. साधारण पंचविशीपासून ठरावीक काळाने दुर्बिणीतून आतडे तपासून पॉलिप (आतड्यातल्या गाठी) वेळीच काढता येतात. — संपादक