घोषणा आणि कौल : १९५७ च्या निवडणुकीतील राजकीय भाषा

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात राजकीय भाषेने मतदारांचा कौल कसा घडवला, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक होय. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मुंबईसह एकसंध मराठी राज्याची मागणी मान्य केली नाही, १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरू यांनी मुंबई केंद्रशासित राहील असे नभोवाणीवरून जाहीर केले, आणि अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी व गुजराती प्रदेश एकत्र बांधणारे विशाल द्विभाषिक, म्हणजे दोन भाषांचे मिळून एक असे, मुंबई राज्य अस्तित्वात आले. सीमा, महसूल आणि मुंबईतील भांडवल यांच्याशी निगडित असलेला हा किचकट प्रश्न सामान्य मतदाराच्या बोलीत उतरवण्याचे काम ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने केले.

समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि हिंदुत्ववादी गट एकत्र आले होते, आणि त्यांच्या अर्थविषयक व सामाजिक भूमिका परस्परांशी जुळणाऱ्या नव्हत्या. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा या सर्वांना पुरली, कारण तिच्यात एकच मागणी होती आणि जमीन, मजुरी, धर्म यांविषयीचे मतभेद तिने बाजूला ठेवले. ती घरोघर पोहोचवणारी साधने मात्र अनेक होती. आचार्य अत्रे यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठा’ दैनिकाने विनोद आणि प्रहार यांच्या जोरावर अग्रलेख चौकाचौकांत वाचला जाईल असा केला. शाहिरांनी पोवाडा, म्हणजे डफ-तुणतुण्याच्या साथीने गायले जाणारे कथनगीत, आणि लोकनाट्य यांचा आधार घेतला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांची कला मुंबईच्या गिरणगावातील कामगार लढ्यांत घडलेली असल्याने तिच्यापाशी श्रोता आधीच होता. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कड प्रकारच्या गीतात गावी राहिलेल्या पत्नीचा विरह महाराष्ट्रापासून तुटलेल्या मराठी मुलखाच्या विरहाशी जोडला गेला, आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला राज्यरचनेचा प्रश्न स्वतःच्या संसाराचा वाटू लागला.

काँग्रेसची भाषा याच्या उलट होती. तिने राष्ट्रीय ऐक्य, पक्षशिस्त आणि नेहरूंचे नेतृत्व यांवर भर दिला. काँग्रेस नेते यशवंतराव चव्हाण यांनी १९५५ च्या अखेरीस फलटण येथे नेहरू महाराष्ट्रापेक्षा मोठे असल्याचा आशय मांडला, तेव्हा ती पक्षनिष्ठेची भूमिका होती. परंतु आंदोलकांवरील पोलिसांच्या गोळीबारांत शंभरावर माणसे हुतात्मा झाल्यानंतर तेच विधान विरोधकांच्या हाती आयते शस्त्र ठरले. निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईत समितीने काँग्रेसला जबर धक्का दिला, अत्रे विधानसभेत आणि श्रीपाद अमृत डांगे लोकसभेत निवडून आले, तर मुख्यमंत्री असलेल्या चव्हाणांना कऱ्हाडमध्ये निसटता विजय मिळाला.

तथापि या भाषेला मर्यादाही होत्या. स्वतंत्र विदर्भाची शिफारस आयोगानेच केली होती आणि तेथे त्या मागणीला बळ होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात दीर्घकाळ राहिलेल्या मराठवाड्याचा अनुभवही वेगळा होता. या दोन्ही विभागांत काँग्रेसची पकड टिकली आणि गुजरातेतील जागांच्या साथीने तिने राज्याची सत्ता राखली. ज्या अनुभवातून घोषणा जन्मली, तो अनुभव जेथे नव्हता, तेथे शाहिराचा आवाजही मत वळवू शकला नाही.

पुढे द्विभाषिक राज्याचे विभाजन होऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि समितीला बांधून ठेवणारी मागणीच पूर्ण झाली. चव्हाणांनी ‘बेरजेचे राजकारण’, म्हणजे विरोधी गटांतील कार्यकर्त्यांना आपल्या पक्षात सामावून घेण्याचे धोरण, स्वीकारले, आणि १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. राज्य मिळवून देण्याचे श्रेय समितीच्या जिवंत लोकभाषेचे आहे आणि ते निर्विवाद आहे. परंतु जमीन, पाणी व रोजगार यांविषयी एकमताचा कार्यक्रम त्या भाषेमागे उभा राहिला नाही, म्हणून लढा जिंकूनही राज्य चालवण्याचा अधिकार समितीला मतदाराकडून मिळाला नाही.