औटकी गेली, ‘वीस एक’ आलं. आणि आपण फक्त हसलो

दिवेकरांनो, जून २०१९ आठवतोय का? बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. एकवीसला ‘वीस एक’, त्रेपन्नला ‘पन्नास तीन’. व्हॉट्सॲपवर विनोदांचा पाऊस पडला, विधानसभेतही टिंगल झाली. खरं सांगतो, मीही चार विनोद फॉरवर्ड केले. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती.

जरा मागे जाऊ. पंतोजींच्या शाळेत मुलं नुसते पाढे नाही, तर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. का? कारण रुपयाचे आणे सोळा, शेराचे पावशेर चार. बाजारच अपूर्णांकांत चालायचा. १ एप्रिल १९५७ ला रुपया शंभर पैशांचा झाला, मागोमाग किलो-मीटर आले. औटकीचं कामच संपलं. म्हणजे बाजार बदलला, म्हणून शिकवणं बदललं.

२०१९ चा बदल मात्र बाजारातून नाही, मुलांच्या अडचणीतून आला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यांचा मुद्दा साधा होता. आपण लिहितो आधी दोन, मग एक. बोलतो मात्र आधी ‘एक’, मग ‘वीस’. कानडी, तेलुगू, इंग्रजीत दशक आधी येतो, तिथे हा गोंधळ नाही. जर्मनांचं मात्र आपल्यासारखंच उलटं. आणि जुने शब्द हद्दपार केलेले नाहीत, हेही त्या सांगत होत्या. ऐकलं किती जणांनी?

एका रात्री मी मुलीला म्हटलं, ‘एकोणपन्नास लिही.’ तिने लिहिलं ५९. ओरडलो. मग लक्षात आलं, तिने ‘पन्नास’ ऐकलं आणि पाच लिहिला, तिचं चुकलं काय? ‘चाळीस नऊ’ म्हटल्यावर पटकन ४९ लिहिलं. त्या दिवसापासून विनोद बंद.

पण दुसरी बाजूही आहे. स्टेशनबाहेर भाजीवाली ‘पंचेचाळीस झाले’ म्हणते, ‘चाळीस पाच’ नाही. आज्जीही तेच म्हणते. औटकी गेली कारण बाजारातून गेली. पंचेचाळीस अजून बाजारात आहे. म्हणून माझं मत: ‘चाळीस पाच’ ही पायरी म्हणून हवीच, पण पुढे पंचेचाळीसवर पोचलंच पाहिजे.

आणि तक्रार एकच. पद्धत बदलताना आम्हा पालकांना कोणी बोलावून समजावलं नाही. आपल्या दिव्यात आईबाप पहाटेची लोकल पकडतात, रात्री परततात. अभ्यास घ्यायला मिळतो अर्धा तास. त्या अर्ध्या तासात पुस्तक एक सांगतं, घर दुसरं, आणि मार खातं पोर.

मंगलाताई जुलै २०२३ मध्ये गेल्या. त्यांचं म्हणणं आपण टिंगलीआधी ऐकून घ्यायला हवं होतं.

तुमच्या घरी एकोणपन्नासचं काय होतं? आज रात्री विचारून बघा, आणि खाली लिहा.