नकलेची नक्कल

व्हिडिओ गेमचा इतिहास जपानी किंवा अमेरिकी लेखक सांगतो तेव्हा त्याला सुरुवात कुठून करायची हे पक्के ठाऊक असते. 15 जुलै 1983 रोजी क्योतोच्या निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम हा घरगुती गेम कन्सोल बाजारात आला, तिथून तो निघतो. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या बाजारातून हाच इतिहास लिहायला घेतला, तर ही तारीख फारशी कामाची नाही. कपड्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांनी गजबजलेल्या अशा पेठांमधून नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जो ‘टीव्ही गेम’ पोहोचला, तो बहुतेक वेळा फॅमिकॉम नव्हताच. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकली जाणारी ती फॅमिकॉमची नक्कल होती. तैवानमध्ये फॅमिकॉमचे मुख्य भाग एकाच चिपेत बसवले गेले आणि यंत्र स्वस्त झाले. त्यात खुपसायची ती ‘कॅसेट’. तिच्यात फीत नव्हती, डांबरासारख्या काळ्या ठिपक्याखाली दडलेली एक चिप होती, पण नाव टेपरेकॉर्डरच्या घरातून आले ते कायमचे चिकटले. आपल्याकडे खेळांची स्मृती या नकलेचीच आहे. म्हणूनच हातात धरायच्या जुन्या कन्सोलवर एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्रॅम, टाकून हे खेळ चालवण्याकडे फुकटेगिरी म्हणून पाहणे अपुरे ठरते. आपल्या भागातल्या या छोट्या इतिहासाची ती आज सर्वांत वाचनीय प्रत आहे.

पुरावा खेळांच्या यादीतच सापडतो. ‘टँकची गेम’ म्हणून ओळखला जाणारा ‘बॅटल सिटी’ नामको कंपनीने 1985 साली फॅमिकॉमसाठी काढला, तो जपानपुरता. अमेरिकेतल्या त्या वेळच्या घरगुती निन्टेंडो यंत्रासाठी तो कधी निघालाच नाही. तरीही भारतातल्या एका पिढीला विटांच्या भिंती फोडत गरुडाचे रक्षण करणे तोंडपाठ आहे, कारण ‘9999 इन 1’ असे छापलेल्या कॅसेटींनी तो इथे आणला. त्या आकड्यातही एक गंमत होती. खरे खेळ मोजकेच असत. मग तोच खेळ कधी पुढच्या लेव्हलपासून, कधी जास्त लाइफ देऊन, नवे नाव लावून पुन्हा यादीत येई. मूळ कंपनीने जुने खेळ पुन्हा विकायला काढले, तरी ही यादी, ती खोटी नावे आणि मेनूवरचे ते संगीत त्यात येणार नाही. 2016 साली निन्टेंडोने स्वतः काढलेल्या छोट्या ‘क्लासिक’ यंत्रात 30 खेळ होते आणि आपल्या कॅसेटीचा मेनू अर्थातच नव्हता. तो टिकायचा असेल तर चिपेतली माहिती उतरवून घेऊन एम्युलेटरवर चालवूनच टिकेल.

या कामाला सोनीचा हातात धरायचा कन्सोल पीएसपी विशेष सोयीचा ठरला. डिसेंबर 2004 मध्ये जपानात आलेल्या या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीत 32 मेगाबाइट मेमरी होती, तर फॅमिकॉमची कामाची मेमरी फक्त 2 किलोबाइट, म्हणजे सोळा हजारांहून अधिक पटींचा फरक. मात्र जागेपेक्षाही वेग जास्त लागतो, कारण एम्युलेटर जुन्या यंत्राची एकेक आज्ञा वाचून तिचा अर्थ नव्या यंत्राला सांगतो आणि चित्र व आवाजाच्या चिपांचे सोंगही त्याच वेळी वठवतो. पडद्याचे मापही जुळते. फॅमिकॉमचे चित्र 256 गुणिले 240 ठिपक्यांचे, पीएसपीचा पडदा 480 गुणिले 272 चा, त्यामुळे चित्र न ताणता, न कापता अख्खे मावते. त्याच काळातल्या निन्टेंडो डीएसच्या पडद्यावर 192 ओळीच आहेत, तिथे काही ना काही चेपावे लागते. सोनीने बाहेरचे प्रोग्रॅम चालू न देण्याची तजवीज केली होती, पण 2005 मध्येच हौशी लोकांनी तिच्यातून वाट काढली आणि लवकरच या यंत्रावर जुन्या कन्सोलांचे एम्युलेटर चालू लागले.

एका यंत्रासाठीचे काम दुसऱ्या यंत्रावर चालवण्याचे हे तत्त्व सोलापूरकराला परके वाटू नये. जॅकार्ड मागावर नक्षी मागात नसते, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास आलेली ही युक्ती संगणकाच्या पूर्वजांत गणली जाते आणि सोलापूरची चादर तिच्यावरच प्रसिद्ध झाली. माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी उतरते. माग मोडीत निघाला तरी माळ शाबूत असेल, तर तीच नक्षी दुसऱ्या मागावर विणता येते, आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर तर पुठ्ठाही लागत नाही. कॅसेट ही अशीच माळ आहे आणि एम्युलेटर हा नवा माग.

पण इथेच सर्वांत टोकदार आक्षेप उभा राहतो. सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते नकलांपासून तिचे नाव वाचवण्यासाठी. अशा शहराने परक्या मालाच्या नकलेची बाजू कशी घ्यावी? आक्षेप खरा आहे आणि कायदाही त्याच्या बाजूने झुकतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम 1984 च्या दुरुस्तीने आले. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून राखीव प्रत काढता येते, पण इंटरनेटवरून खेळांचा गठ्ठा उतरवून घेणे त्या सवलतीत बसत नाही. एम्युलेटरची गोष्ट वेगळी. सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यात 2000 साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने असा प्रोग्रॅम तयार करण्याला मोकळीक दिली. शिवाय मानांकन चालू धंद्याचे रक्षण करते. चादर आजही विणली जाते आणि नकलेमुळे विणकराची मजुरी बुडते. जुन्या खेळांचे तसे नाही. 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात मिळतच नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवले. जे विकायलाच नाही त्याच्या प्रतीने गिऱ्हाईक तुटत नाही. मात्र हा युक्तिवाद जपणुकीपुरता आहे. पन्नास हजार खेळ भरलेले स्वस्त यंत्र विकणाऱ्याला त्याची ढाल करता येणार नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. जुन्या टीव्हीची धूसर झाक, कॅसेटीत मारलेली फुंकर, कंट्रोलरच्या वायरीवरून जुंपणारी भांडणे हातातल्या पडद्यावर येत नाहीत. बरोबर आहे, पण तशी पुठ्ठ्यांच्या माळेतून मागाची खडखडही ऐकू येत नाही, म्हणून ती कुणी टाकून देत नाही. शिवाय एम्युलेटर ज्या यंत्रावर चालवायचा तेही जुने होते. पीएसपी 2014 च्या सुमारास बंद झाला आणि आज फोनवर त्याचेच एम्युलेटर चालते. फॅमिकॉमची नक्कल, तिची पीएसपीवर नक्कल, त्या पीएसपीची फोनवर नक्कल, अशी ही साखळी आहे. आपल्या बाजारांत विकल्या गेलेल्या कॅसेटींचे मेनू मात्र आधी कुणीतरी चिपेतून उतरवून घेतले, तरच या साखळीत शिरतील. खोट्या आकड्यांचे ते मेनू सध्या माळ्यावरच्या खोक्यांत पडून आहेत, आणि खोकी भंगारात जातात तेव्हा त्यांची दुसरी प्रत क्योतोतही मिळत नाही.