चवदार तळे ते वायफाय: सार्वजनिक म्हणजे नेमके कोणाचे?

एखाद्या बागेत महापालिकेने फुकट वायफाय सुरू केले की फीत कापली जाते, फोटो छापून येतात आणि आपल्यातले अनेक कार्यकर्तेही समाधान मानतात. वस्तीतल्या पोरांच्या अभ्यासाची सोय झाली, असे वाटते. पण बागेच्या फाटकावरची नियमांची पाटी कोणी वाचतो का? वायफाय जोडताना कोणती अट येते, ती अट कोणाला बाहेर ठेवते, हे कोणी विचारतो का? आपण विचारले पाहिजे. हक्क ठरावाने मिळतो आणि नियमाने काढून घेतला जातो, हे महाडच्या इतिहासात आपण एकदा पाहिले आहे.

महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले तो दिवस. पण त्याच्या आधीची आणि नंतरची कागदपत्रांची लढाईही तितकीच महत्त्वाची आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्यामागचे तत्त्व साधे होते: पैसा सार्वजनिक असेल तर वापरही सार्वजनिक. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला.

कागदावर काम झाले होते. तळ्यावर मात्र काहीच बदलले नाही. तेव्हा ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणत नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान थांबवा. हा महाडचा पहिला धडा. अंमलबजावणी करून घेण्याची तरतूद नसेल तर ठराव भिंतीवर टांगण्यापुरताच उरतो.

दुसरा धडा सत्याग्रहानंतरचा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव रद्द केला. यासाठी विधिमंडळात नवा कायदा करावा लागला नाही. गावच्या सभागृहात हात वर झाले आणि दिलेला हक्क परत घेतला गेला.

तिसरा धडा कोर्टातला. डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दावा लावला की तळे सार्वजनिक नाहीच, ती चौधरी तळे नावाची खाजगी मालमत्ता आहे. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. खटला पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. खाजगी मालकी टिकली नाही आणि प्राचीन वहिवाटही सिद्ध करता आली नाही. पण "खाजगी" या एका शब्दाने एवढी वर्षे खाल्ली, हे विसरता येत नाही.

हे धडे संविधानात उतरले. कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक वावराची ठिकाणे येतात. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांनी तिथे कोणाला अडवता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी ठिकाणांची लांबलचक यादी असलेली दुरुस्ती मांडली. तिच्यात सार्वजनिक बागा होत्या आणि टपाल-तारही होते. ती दुरुस्ती फेटाळली गेली. पण त्याच चर्चेत बाबासाहेबांनी "दुकान" या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे स्पष्ट केले: केवळ आत पाऊल टाकण्यापुरता तो नाही, तिथे मिळणारी सेवाही त्यात येते. आजचे वायफाय ही तारेच्याच कुळातली सेवा आहे. बागेत उभे राहू दिले पण सेवा नाकारली, तर तो प्रवेश अर्धाच.

आता वायफायच्या अटींचा इतिहास पाहू. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल आला. तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून पाठवल्याचे निघाले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या: सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, नाहीतर मोबाइलवर संदेशाने पासवर्ड पाठवून त्याची नोंद ठेवा. आज आपण ज्याला ओटीपी म्हणतो त्या अटीचे मूळ इथे आहे. सुरक्षेचे कारण खरे होते. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात असतो, त्या घरातल्या मुलीने ओटीपी कुठून आणायचा? अटीत जात लिहिलेली नाही, लिंग लिहिलेले नाही. बाहेर कोण राहते ते मात्र ठरून जाते.

जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईत ५०० ठिकाणी वायफाय सुरू केले, १ मेपर्यंत १२०० चे उद्दिष्ट जाहीर केले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तिच्यात टपरीवाला, किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो. योजना चांगल्या आहेत. प्रश्न आहे तो यंत्र कुठे बसते, कोण चालवते आणि फाटक किती वाजता बंद होते याचा. अनेक शहरांतल्या बागा दुपारी कुलूपबंद असतात. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला नेमकी त्याच वेळी जागा हवी असते. बाग देखभालीसाठी खाजगी संस्थेकडे गेली की शुल्क येते, रखवालदाराची नजर येते, "इथे बसू नका" येते. १९२७ चा "खाजगी" हा शब्द असा नव्या कपड्यांत परत येतो.

वेळेचा नियम किरकोळ नसतो. केरळमध्ये एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल बंद ठेवण्याचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला काढून टाकले, ती कोर्टात गेली. फहीमा शिरीन खटल्यात सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे नियमाला आव्हान देता येते आणि जिंकताही येते.

मग आपण काय करायचे? आपल्या वॉर्डातल्या बागेचे नियम आणि देखभालीचा करार माहिती अधिकारात मागवा. वायफायची किती यंत्रे दलित वस्त्यांजवळ आहेत आणि त्यातली किती चालू आहेत, ते विचारा. बागा दुपारी उघड्या ठेवा, अभ्यासाची जागा आणि दिवे द्या, स्वतःचा फोन नसलेल्यांसाठी वाचनालयाच्या कार्डावर वायफाय द्या, अशा लेखी मागण्या करा. महापालिका उपविधी करताना हरकती-सूचना मागवते. त्या मुदतीत आपला अर्ज तिथे पडलाच पाहिजे. आणि बोल्यांच्या दुसऱ्या ठरावासारखी मागणी धरा: जी संस्था नियम पाळत नाही तिचे पैसे थांबवा.

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो, तळ्याला वंदन करतो. परतल्यावर आपल्या गल्लीतल्या बागेच्या फाटकावरची पाटीही वाचू या. जिथे आपले कर खर्च होतात तिथे आपण पाहुणे म्हणून जात नाही.

जय भीम!