अंजनवेलच्या काडीमोडाचा माग

अंजनवेलमधील एका जोडप्याचा संसार १९०५ च्या सुमारास मोडला, असे समजू. नवऱ्याने बायकोला मोकळे केले आणि पुढे तिने दुसरा घरोबा केला. या घटनेचा कागद आज कोठे सापडेल? पहिले उत्तर सुचते ते रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाचे. पण जोडपे हिंदू असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा तेथे मिळणार नाही, कारण तो कधी लिहिलाच गेला नाही. मुंबई प्रांतात हिंदूंना न्यायालयातून घटस्फोट मिळण्याची सोय झाली ती १९४७ मध्ये. त्यापूर्वीचा काडीमोड न्यायालयाच्या दप्तराबाहेर घडत होता. तेव्हा शोध घ्यायचा तो अशा जागी, जेथे काडीमोडाची नोंद दुसऱ्याच कारणासाठी झाली असेल.

१९०५ च्याही मागे गेले तर अशी सर्वांत जुनी जागा म्हणजे महसुलाचे हिशेब. अंजनवेलचा किल्ला गोपाळगड १७५० च्या दशकात तुळाजी आंग्र्यांकडून पेशव्यांकडे आला. तेव्हा अंजनवेल हे नुसते खाडीच्या मुखाजवळचे गाव नव्हते, तालुक्याचे ठाणे होते. त्या तालुक्याच्या नोंदी पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे आजच्या पुराभिलेखागारात, रुमालांमध्ये बांधलेल्या आहेत आणि बहुतेक मोडी लिपीत आहेत. मराठी अमलात पुनर्विवाहावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी घेतली जाई. करवसुलीचा कारकून नवराबायकोच्या भांडणाची कथा लिहीत नाही. तो रक्कम लिहितो, कधी नाव लिहितो. पण ती रक्कम भरणारी स्त्री विधवा होती की नवऱ्याने सोडलेली, हे त्या ओळीवरून कळेलच असे नाही. म्हणून पाटदामाची नोंद मिळाली तर पुनर्विवाह निश्चित मानावा. काडीमोड मात्र तर्काने मानावा लागेल, आणि त्याला दुसऱ्या कागदाचा दुजोरा लागेल.

येथे एक सावधगिरी हवी. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले रोजकीर्दीतील उतारे आणि इतिहासकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड छापील असल्यामुळे आपण प्रथम तेच उघडतो. ते वेचे आहेत. संपादकांना जे महत्त्वाचे वाटले ते छापले गेले, आणि सरदेसाईंच्या खंडांचा भर राजकारणावर आहे. छापील खंडांत अंजनवेलचा काडीमोड आढळला नाही, यावरून दप्तरातही तो नाही असे ठरत नाही. रुमाल सोडून पाहिल्याशिवाय ‘नाही’ हा शब्द वापरू नये.

१८१८ मध्ये हा मुलूख कंपनी सरकारकडे आला. लोकांचे रिवाज काय आहेत हे जाणल्याशिवाय न्याय देता येणार नाही, हे नव्या सरकारला उमगले होते. त्यातून आर्थर स्टील यांचे जातींच्या कायद्यांचे व रिवाजांचे संकलन १८२७ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक जातींत नवरा-बायको वेगळे होऊ शकत, सोडचिठ्ठी लिहिली जाई आणि पुढे पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागे, हे त्यातून स्पष्ट होते. साक्षीदार म्हणून स्टील मोलाचे आहेत, पण त्यांनी माहिती गोळा केली ती मुख्यतः देशावरून. घाटाखालच्या कुणब्याला, भंडाऱ्याला किंवा खारव्याला तीच माहिती जशीच्या तशी लावणे धोक्याचे. रिवाज सारखा असण्याची शक्यता बरीच आहे, एवढेच म्हणता येईल.

त्याच १८२७ साली मुंबई सरकारची रेग्युलेशने निघाली. त्यांपैकी चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने, लेखी कायदा नसेल तेथे देशरिवाज पाहावा असे सांगितले. दुसऱ्या रेग्युलेशनच्या २१ व्या कलमाने मात्र जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांना जवळजवळ हात घालू दिला नाही. हे दोन नियम शेजारी ठेवून वाचले की दप्तरातली पोकळी समजते. काडीमोड हा रिवाज, आणि त्याचा निवाडा जातीपुढे. जातीच्या बैठकीने निवाडा तोंडी दिला तर कागद नाही; लेखी दिला तर तो पंचांच्या किंवा पक्षकारांच्या घरी. सरकारी अभिलेख कक्षात येण्याचे त्याला कारणच नव्हते.

कारण निर्माण झाले ते फौजदारी खटल्यातून. भारतीय दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमाने पहिला विवाह कायम असल्यामुळे निरर्थक ठरणारा दुसरा विवाह करणे गुन्हा ठरवले. काडीमोड जातीने मान्य केला असला तरी न्यायालय तो मानील का, हा प्रश्न मग आपोआप उभा राहिला. १८६४ च्या करसन गोजा खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे तळपदा कोळ्यांचा रिवाज आला. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोने त्याला सोडून दुसरा घरोबा करण्याचा तो रिवाज न्यायालयाने अमान्य केला. १८७६ च्या संभू रघू खटल्यात जातीच्या परवानगीवरचा विश्वास हा बचाव ठरू शकत नाही, असे सांगण्यात आले. अंजनवेलशी या दोन्ही खटल्यांचा संबंध नाही. तरी त्यांतून शोधाची एक दिशा हाती लागते. जिचा काडीमोड कोणी आव्हानित केला नाही, तिचे नाव न्यायालयात कधीच आले नाही. जिच्यावर फिर्याद झाली, तिचे आले. तेव्हा न्यायालयाच्या दप्तरात उरलेले काडीमोड हे भांडणाचे काडीमोड आहेत. त्यांवरून सगळ्या समाजाचे चित्र काढले तर ते वाकडे येईल.

आता माझ्या मते या शोधातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २९ वी नोंद घटस्फोटाच्या लेखाची आहे. ज्या लेखाने एखादी व्यक्ती आपला विवाह संपुष्टात आणते, त्या लेखावर मुद्रांक एक रुपया. हिंदूंना घटस्फोट देणारे न्यायालय मुंबई प्रांतात अस्तित्वात यायला अजून ४८ वर्षे होती, आणि सरकार सोडचिठ्ठीच्या कागदावर एक रुपया घेत होते! हा आनंद लगेच आवरायला हवा. नोंदीत धर्माचा उल्लेख नाही. तलाकनामाही तिच्यात बसतो. त्यामुळे ती नोंद हिंदूंच्या फारखतीसाठीच, म्हणजे सोडचिठ्ठीसाठीच, होती, असा दावा करता येणार नाही. पण असे लेख लिहिले जात होते आणि सरकारला ते ठाऊक होते, एवढे निर्विवाद ठरते.

मुद्रांकाचा कागद इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी काही देतो. त्याच्या पाठीवर विक्रेत्याचा शेरा असतो: अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव व गाव. मजकुरातली तारीख मागाहून घातली असेल, तर हा शेरा ती चोरी पकडून देतो.

अशी फारखत कोणी दुय्यम निबंधकाकडे नोंदवली असेल तर ती कोठे जाईल, हेही ठरवता येते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मिळकतीचे दस्त पहिल्या पुस्तकात जातात आणि इतर किरकोळ दस्त चौथ्या पुस्तकात. पहिले पुस्तक कोणालाही पाहता येते. चौथ्यातली नक्कल मात्र दस्त करणाऱ्याला, त्याखाली हक्क सांगणाऱ्याला किंवा त्यांच्या प्रतिनिधीलाच मिळते. म्हणजे अंजनवेलच्या आपल्या जोडप्याचा कागद गुहागरच्या निबंधकाकडे असलाच, तर तो अभ्यासकाला नव्हे, त्यांच्या वारसाला मागता येईल. फारखतीबरोबर पोटगीसाठी जमिनीचा तुकडा लिहून दिला असेल, तर तीच गोष्ट पहिल्या पुस्तकात उघडी पडलेली असू शकते. म्हणून आधी जमिनीचे दस्त पाहावेत.

मुसलमान कुटुंबांचा माग निराळा आहे. तलाकाची नोंद काझीकडे किंवा घरच्या तलाकनाम्यात शोधावी. १९३९ च्या कायद्याने पत्नीला विवाह रद्द करून मागण्याची जी वाट दिली, तिचे कागद दिवाणी न्यायालयात असतात. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ पासून कायदा होता, आणि जिल्हा न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम २००१ च्या दुरुस्तीपर्यंत उच्च न्यायालयाकडून कायम करून घ्यावा लागे. त्यामुळे तेथे एकाच प्रकरणाच्या दोन खुणा मिळू शकतात.

१९४७ चा मुंबई कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा आल्यावर न्यायालयाची वाट खुली होते. त्यानंतरच्या अंजनवेलच्या जोडप्याचा अर्ज चिपळूणच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात किंवा रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात पाहावा. पण हिंदू विवाह कायद्याचे कलम १९ विसरू नये. अर्ज कोठे करायचा हे लग्नाचे ठिकाण, प्रतिपक्षाचे राहण्याचे ठिकाण आणि शेवटचे एकत्र राहणे यांवर ठरते. २००३ पासून पत्नी अर्जदार असेल तर तिच्या राहण्याच्या जागीही तो करता येतो. अंजनवेलचा चाकरमानी गिरणगावात संसार करत होता. त्याचा कागद मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात असेल, आणि १९८९ नंतरचा असेल तर वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात. गावाच्या नावावरून शोध घेणारा माणूस येथेच चुकतो.

नक्कल मागताना पक्षकारांची पूर्ण नावे, अर्जाचा क्रमांक आणि साल द्यावे लागते. क्रमांक नसेल तर सालवार नोंदवह्या पाहण्यासाठी अर्ज करावा. पक्षकाराला हुकूमनाम्याची एक प्रत विनामूल्य देण्याची तरतूद कलम २३ मध्येच आहे. त्रयस्थाला कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कलम २२ नुसार अशा अर्जांची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा मजकूर छापणे बेकायदा आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निकाल तेवढे परवानगीने छापता येतात. जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचा अधिकार १९१७ च्या कायद्याने न्यायालयांना आहे. समन्स आणि वकीलपत्रे आधी जातात, निकाल अधिक काळ राहतो. निकालावरून तारीख कळते, पण बाईचे म्हणणे ज्या कैफियतीत होते ती गेलेली असू शकते.

आणि १९५५ नंतरही सगळे काडीमोड न्यायालयात आले नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला. मात्र रूढी आहे हे सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावर पडतो. निवृत्तिवेतन, वारसा किंवा दुसऱ्या लग्नाची वैधता यांवर वाद झाला, की पन्नास वर्षांपूर्वीच्या सोडचिठ्ठीला एकदम किंमत येते.

म्हणून गुहागर, दाभोळ, चिपळूणकडच्या वाचकांना एक विनंती. घरच्या पेटीत जमिनीच्या कागदांमध्ये एखादी फारखत असेल, तर लाजेपोटी ती जाळू नका. दोन्ही बाजूंची छायाप्रत काढा, पाठीवरचा शेरा वाचता येईल अशी. मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. नावे झाकून अभ्यासकाला दाखवली तरी चालेल. तारीख, जात, गाव, रक्कम आणि साक्षीदारांची संख्या एवढ्यानेही पुष्कळ कळते. न्यायालयातला हुकूमनामा असेल तर त्याची प्रमाणित प्रत आजच मागून ठेवा.